लुएलिन की ल्हवेलिन? एका वेल्श नावाची चौकशी

पावसाळी_छत्री :
मंडळी, लेकीच्या वर्गात एक मुलगा आहे. आठ महिने झाले, मला त्याचं नाव नीट घेता येत नाही. आम्ही स्वान्सीजवळ राहतो, म्हणजे दक्षिण वेल्समध्ये. नाव कागदावर दिसतं ते असं : सुरुवातीला दोन एल, मग वाय, डब्ल्यू, ई, एल, वाय, एन. मी मनातल्या मनात 'लुएलिन' म्हणते आणि तोंडाने 'अरे बाळा' म्हणून वेळ मारून नेते.

गेल्या आठवड्यात त्याच्या वाढदिवसाला कार्ड द्यायचं होतं. मी आपलं नेटवर सापडलं ते स्पेलिंग उतरवलं. त्यात मध्येही दोन एल होते. पोराची आजी दारातच उभी होती. तिने पाकीट हातात घेतलं, हसली, पर्समधून पेन काढलं आणि मधल्या दोन एलपैकी एकावर बारीकशी काट मारली. म्हणाली, "हा इंग्रजांचा." एवढंच बोलून आम्हाला आत घेतलं, केक खायला घातला, पण माझ्या डोक्यातून तो काट मारलेला एल जाईना.

तर प्रश्न : हे नाव आलं कुठून? अर्थ काय? इथे प्रत्येक गावात या नावाचं काही ना काही असतं, पुतळा तरी नाहीतर शिळा तरी. जाणकारांनी लिहावं. आणि कुणी उच्चार शिकवला तर उपकार होतील.

अनुस्वार :
उच्चारापासून सुरू करतो, कारण आजीबाईंची काट तिथेच लागू पडते.

वेल्शमध्ये जोडीने येणारे दोन एल ही दोन अक्षरं नाहीतच. ते एकच मुळाक्षर आहे. शब्दकोशात 'एल'चे सगळे शब्द संपले की मग त्याचं वेगळं प्रकरण सुरू होतं. त्यामुळे नावाच्या मध्ये दोन एल लिहिलेत की वेल्श माणूस तिथेही तोच फिसकारणारा आवाज काढणार, आणि नाव भलतंच होणार.

आता तो आवाज. जीभ 'ल'ला जिथे टेकते तिथे टेकवा. गळ्यातला आवाज बंद करा. जिभेच्या कडांवरून नुसती हवा सोडा. मांजर फिसकारल्यासारखं ऐकू आलं तर जमलं. मराठी माणसाला सोपी युक्ती : 'कोल्हापूर' म्हणा. त्यातला 'ल्ह' पकडा. आता तो कुजबुजत म्हणा, गळा अजिबात न थरथरवता. पुढे 'वेलिन', त्यातल्या 'वे'वर जोर. म्हणजे साधारण 'ल्हवेलिन'. मी यापुढे तसंच लिहितो.

इंग्रजी कानाला हा आवाज कधी 'फ्ल' वाटला, कधी 'थ्ल'. शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीवरच्या नाटकात एक वेल्श कप्तान आहे फ्लुएलिन नावाचा, तो मुळात ल्हवेलिनच. 'फ्लॉइड' हे आडनावही तसंच, वेल्श 'ल्हुइड' म्हणजे करडा, त्याचं इंग्रजांनी केलेलं रूप.

कोल्हापुरी_चप्पल :
पंचगंगेच्या पाण्याची ताकद बघा. वेल्सलासुद्धा उच्चार आमच्याकडूनच.
(आत्ता ऑफिसात पाच वेळा कुजबुजून बघितलं. शेजारच्याने विचारलं, दात दुखतोय का?)

अनुस्वार :
:) अर्थाचं राहिलंच.

आज बहुतेकांना वाटतं की नावात सिंह आहे, कारण वेल्शमध्ये सिंहाला 'ल्हेउ' म्हणतात. याच समजुतीने वायचा ई झाला आणि दुसरं स्पेलिंग रुजलं. लाडाचं नावही 'ल्हेउ'च. पण ही लोकव्युत्पत्ती. भाषाशास्त्रज्ञ मागे जातात ते 'लुगुबेलिनोस' अशा जुन्या रूपापर्यंत. त्यात दोन केल्टिक देव शेजारी बसलेत, लुगुस आणि बेलेनोस. लुगुस म्हणजे आयर्लंडच्या कथांमधला लू. फ्रान्समधल्या ल्यों शहराचं रोमन नाव लुग्दुनुम, तेही बहुतेक अभ्यासक त्याच्याशीच जोडतात. बेलेनोसला रोमनांनी आपल्या अपोलोच्या पंगतीला बसवलं होतं. पहिल्या शतकातला ब्रिटनचा राजा कुनोबेलिनुस, त्याच्या नावाचं शेपूटही हेच.

तिसरा धागाही आहे. 'ल्हिउ' म्हणजे नावेचं सुकाणू, आणि त्यावरूनच पुढारी, धुरीण. व्युत्पत्ती म्हणून तो टिकत नाही, पण कवींनी त्याचा सोयीने उपयोग केला. शेवटच्या स्वतंत्र राजपुत्राला वेल्शमध्ये 'ल्हवेलिन, आमचा अखेरचा ल्हिउ' म्हणतात. नावातच श्लेष.

भोचक :
राजपुत्र कोण? दोन ल्हवेलिन आहेत म्हणे. माझा नेहमी गोंधळ होतो. आणि मध्ये 'ap' लिहितात ते काय, ॲप?

तळटीप :
'आप' म्हणजे 'चा मुलगा'. आपल्याकडे मधलं नाव बापाचं, तसंच हे, फक्त आडनावाशिवाय. मुलगी असेल तर 'वेर्ख'. ल्हवेलिन आप ग्रिफिद म्हणजे ग्रिफिदचा ल्हवेलिन. पुढे इंग्रजी अंमल आला, कारकुनांना कायमची आडनावं हवी झाली, तेव्हा हा 'आप' पुढच्या नावाला चिकटला. आप ऱ्हिसचा झाला प्राइस, आप हवेलचा पॉवेल, आप हारीचा पॅरी, आब ओवाइनचा बोवेन. प्राइस आडनावाचा माणूस भेटला की त्याच्या कुठल्यातरी खापरपणजोबाचं नाव ऱ्हिस होतं, इतकं समजून चालायचं.

आता राजपुत्र. आजोबा आणि नातू आहेत हे दोघे, म्हणून गोंधळ होतो.

आजोबा ल्हवेलिन आप योर्वर्थ (सुमारे 1173 ते 1240). यांना 'वाउर' म्हणजे थोर म्हणतात. मूळ गादी उत्तरेतल्या ग्विनेदची, पण हयातीत बहुतेक वेल्सवर यांचंच चाले. 1205 साली लग्न केलं ते इंग्लंडच्या जॉन राजाच्या अनौरस मुलीशी. तिचं नाव जोन, वेल्शमध्ये शुआन. 1211 मध्ये सासऱ्याने जावयावर स्वारी केली आणि जावई पार कोंडीत सापडला, तेव्हा बोलणी करायला बापाकडे गेली ती हीच. पुढे 1215 मध्ये सरदारांनी जॉनकडून मॅग्ना कार्टावर संमती घेतली, त्यात एक कलम आहे : ल्हवेलिनचा मुलगा आणि वेल्समधले सगळे ओलीस ताबडतोब परत करावेत. जावयाने बंडखोर सरदारांशी संधान बांधलं होतं, त्याची ही वसुली.

आणि मग 1230. विल्यम द ब्रोझ नावाचा मोठा नॉर्मन सरदार पाहुणा म्हणून आला असताना ल्हवेलिनला तो शुआनबरोबर सापडला. ल्हवेलिनने त्याला सरळ फासावर चढवलं, चारचौघांत. शुआनला वर्षभर कोंडून ठेवलं, मग पुन्हा राणी म्हणून घरात घेतलं. खरी गंमत पुढे आहे. विल्यमच्या मुलीचं ल्हवेलिनच्या मुलाशी, दाविदशी, लग्न ठरलेलं होतं. बापाला फाशी दिल्यावर ल्हवेलिनने विधवेला पत्र पाठवून विचारलं की सोयरीक पुढे न्यायची का. आणि लग्न झालं!

शुआन 1237 मध्ये गेली तेव्हा त्याने तिच्यासाठी अँगलसी बेटावर फ्रान्सिस्कन मठ बांधला. तीनशे वर्षांनी आठव्या हेन्रीने मठ बुडवले, त्यात तोही गेला, आणि तिची दगडी शवपेटी घोड्यांना पाणी पाजायची कुंडी म्हणून वापरात आली. आता ती बोमॅरिसच्या चर्चमध्ये आहे. ल्हवेलिनची पेटी ल्हानऱ्हुस्तच्या चर्चमध्ये, रिकामी.

नातू पुढच्या प्रतिसादात. चहा घेऊन येतो.

वाचनमात्र :
पाच वर्षांत पहिल्यांदा लॉगिन केलं. ते विधवेला पाठवलेलं पत्र वाचून. काय माणूस आहे हा.

मावशीचा_डबा :
फाशी दिलेल्या माणसाची लेक सून म्हणून घरात! आमच्याकडे मानपानात साडीचा रंग चुकला तर तीन पिढ्या अबोला.

तळटीप :
नातू ल्हवेलिन आप ग्रिफिद. याचा बाप ग्रिफिद लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. 1 मार्च 1244 ला चादरींना गाठी मारून खिडकीतून उतरायला गेला, दोर तुटला, खाली पडून मेला. 1 मार्च म्हणजे वेल्सचा संत दाविदचा दिवस.

मुलाने मात्र बाजी पलटवली. 1267 च्या माँटगोमरीच्या तहात इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने त्याला 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून मान्यता दिली. आज ही पदवी ऐकली की आपल्या डोळ्यांपुढे लंडनचं राजघराणं येतं, पण इंग्लंडच्या राजाने ती पहिल्यांदा मान्य केली ती या वेल्श माणसाची. नंतर पहिला एडवर्ड गादीवर आला, मानवंदनेला कोण कुणाकडे जाणार यावरून बिनसलं, आणि 1277 पर्यंत ल्हवेलिनकडे ग्विनेदचा पश्चिमेकडचा तुकडा तेवढा उरला. 1282 मध्ये भाऊ दाविदने हावर्डनच्या किल्ल्यावर हल्ला करून युद्ध पेटवलं आणि याला उतरावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये बायको एलेनॉर बाळंतपणात गेली. 11 डिसेंबर 1282 ला बिल्थजवळ किल्मेरी इथे हा आपल्या सैन्यापासून बाजूला पडला आणि मारला गेला. ज्याने मारलं त्याला आपण कुणाला मारतोय याचा पत्ता नव्हता. शीर लंडनला गेलं, टॉवरवर लावलं गेलं. धड कुमहिरच्या मठात पुरलं अशी परंपरा आहे.

मागे उरली सहा महिन्यांची मुलगी, ग्वेनल्हियन. एडवर्डने तिला लिंकनशायरमधल्या सेंप्रिंगमच्या मठात नेऊन ठेवलं. वारस नको, म्हणून. 1337 मध्ये ती तिथेच वारली. तिथल्या लोकांना तिचं नावही लिहिता येत नव्हतं, कागदपत्रांत ते 'वेन्सिलियन' असं काहीतरी होऊन बसलंय. पुन्हा तोच दोन एलांचा घोळ. 2009 मध्ये स्नोडोनियातल्या एका शिखराचं नाव बदलून तिच्या नावावर केलं, कार्नेद ग्वेनल्हियन. तिच्या आईवडिलांच्या नावाची शिखरं तिथे आधीपासून आहेत.

1301 मध्ये एडवर्डने प्रिन्स ऑफ वेल्स ही पदवी स्वतःच्या मुलाला देऊन टाकली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

पावसाळी_छत्री :
किल्मेरीची शिळा पाहिली आहे! रस्त्याच्या कडेला हिरवळीवर उभा ग्रॅनाइटचा एकच मोठा दगड, वर निमुळता. दर 11 डिसेंबरच्या सुमारास तिथे लोक जमतात. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं, एक कोमेजलेलं पुष्पचक्र आणि भरपूर वारा.

पण मला जास्त लक्षात राहिला तो ल्हानडोव्हरीचा पुतळा. तो तिसराच ल्हवेलिन, ल्हवेलिन आप ग्रिफिद वेखन. हा राजाबिजा नव्हता, कायो गावचा जमीनदार. 1401 मध्ये चौथा हेन्री बंडखोर ओवाइन ग्लिन्दूरला शोधत आला आणि याला वाट दाखवायला सांगितलं. याचे दोन मुलगे ओवाइनच्या बाजूने. याने राजाच्या फौजेला डोंगरदऱ्यांतून भलतीकडेच फिरवत ठेवलं. लक्षात आल्यावर राजाने ल्हानडोव्हरीत त्याला भर चौकात हालहाल करून मारलं.

पुतळा 2001 चा आहे, स्टेनलेस स्टीलचा, किल्ल्याच्या टेकाडावर. शिरस्त्राण आहे, भाला आहे, ढाल आहे, लांब घोळदार झगा आहे, आणि आत माणूसच नाही. शिरस्त्राणाच्या खाली चेहऱ्याच्या जागी पोकळी. लेक म्हणाली, "आई, तो निघून गेला का?" मला उत्तर सुचलं नाही.

मावशीचा_डबा :
अंगावर काटा आला.
जरा हलकं करते. आम्ही सहलीला गेलो होतो तेव्हा उत्तर वेल्समध्ये बेदगेलर्त नावाच्या गावी गाइडने एक कबर दाखवली. कुत्र्याची. ल्हवेलिन वाउरचा गेलर्त नावाचा शिकारी कुत्रा. राजा शिकारीहून येतो, कुत्रा रक्ताने माखलेला, पाळणा उलटा, बाळ दिसत नाही. राजा तलवार खुपसतो. मग पाळण्याखालून बाळ रडतं, आणि शेजारी मेलेला लांडगा. गाइड सांगताना अर्धी बस डोळे पुसत होती आणि मी आमच्या ह्यांना कोपर मारून म्हणतेय, अहो, ही तर मुंगसाची गोष्ट!

कोल्हापुरी_चप्पल :
घागर! पाण्याची घागर घालते ना ती मुंगसाच्या डोक्यात! दुसरीत असताना ऐकून रडलो होतो मी.

भोचक :
घ्या. म्हणजे वेल्सची सगळ्यात प्रसिद्ध कथा आपल्याकडून ढापलेली. सगळं मूळ भारतातच.

तळटीप :
'ढापलेली' नको, फिरत फिरत गेलेली म्हणा. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, अपरीक्षितकारकात, ही कथा आहे : ब्राह्मणी, मुंगूस आणि साप. सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात पहलवीत गेलं, आठव्या शतकात तिथून अरबीत 'कलिला व दिम्ना' म्हणून, तेराव्या शतकात हिब्रूमार्गे लॅटिनमध्ये. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला, कारण युरोपात मुंगूस पाळतो कोण. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये ल्यों भागात एका धर्मगुरूला आढळलं की गावातल्या बाया गिनफोर नावाच्या संताला आजारी पोरांसाठी नवस बोलतात. चौकशी केली तर संत म्हणजे कुत्रा निघाला, याच कथेतला. तिथे साप अजून सापच होता. वेल्सला पोचेपर्यंत सापाचा लांडगा झाला.

कबरीचं श्रेय मात्र स्थानिक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गोट हॉटेल चालवायला दक्षिणेकडून डेव्हिड प्रिचर्ड नावाचा माणूस बेदगेलर्तला आला. गिऱ्हाईक यावं म्हणून त्याने गोष्ट ल्हवेलिनच्या नावावर लावली आणि नदीकाठच्या शेतात दगड उभे केले. गावाच्या नावातला गेलर्त हा कुत्रा नसून बहुधा कुणी जुना संत असावा. पुढे 1800 च्या आसपास विल्यम स्पेन्सरने त्यावर इंग्रजी कविता केली आणि कुत्रा अजरामर झाला. ल्हवेलिन वाउरने चाळीसेक वर्षं वेल्स हाताळला, आणि बसमधल्या लोकांना आठवतो तो हॉटेलवाल्याने दिलेल्या कुत्र्यामुळे.

प्रिचर्ड म्हणजेसुद्धा आप रिचर्ड, बरं का.

खेळिया :
कुत्र्यावरून घोडा आठवला. हॅरी ल्हवेलिन (आजीबाई माफ करा, हे मधल्या दोन एलांचं कुटुंब). 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला अख्ख्या स्पर्धेत एकच सुवर्ण मिळालं, तेही शेवटच्या दिवशी, घोड्यांच्या उड्यांच्या सांघिक प्रकारात. स्वार हा, घोडा फॉक्सहंटर. सकाळच्या फेरीत दोघांची दाणादाण उडाली होती. दुपारच्या फेरीत एकही चूक नाही आणि सुवर्ण आलं. घोडा मेल्यावर त्याला अ‍ॅबरगव्हेनीजवळच्या ब्लोरेंज डोंगरावर पुरलं, आणि 1999 मध्ये हॅरी गेले तेव्हा त्यांची राखही तिथेच उधळली.

आणि हो, हेलसिंकी 1952 म्हणजे आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं कांस्य. एकाच स्पर्धेत. मी लहानपणी आजोबांकडून फक्त खाशाबांचं ऐकलं, घोड्याचं आज सांगतोय.

वाचनमात्र :
बाँडपटातला क्यू, बाँडला अजब यंत्रं देणारा! नट डेस्मंड ल्हवेलिन. न्यूपोर्टचा. दुसऱ्या महायुद्धात पाच वर्षं जर्मनांच्या कैदेत होता. 1963 ते 1999 मध्ये सतरा बाँडपट. बाँड बदलत गेले, हा तसाच, "ते यंत्र नीट परत आण" असं वैतागून सांगणारा.

भोचक :
शेक्सपिअरच्या त्या फ्लुएलिनचं काय होतं शेवटी?

अनुस्वार :
कांद्याच्या पातीचा जाडजूड भाऊ असतो ना, लीक, ती वेल्सची खूण. नाटकातला पिस्टल नावाचा इंग्रज फुशारकीबाज तिची टिंगल करतो. फ्लुएलिन त्याला बडवतो आणि तीच लीक कच्ची खायला लावतो. नाव नीट लिहिलं नाही तरी भूमिका बरी दिली म्हणायची.

पावसाळी_छत्री :
सगळ्यांचे आभार. काल शाळेच्या फाटकाशी आजीबाई भेटल्या. मी कोल्हापूर कुजबुजून तयारच होते. म्हटलं, "ल्हवेलिन कसा आहे?" त्या दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हण." पुन्हा म्हटलं. "थुंकी जास्त उडतेय, पण आहे बरोबर."

मग मुंगसाची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, हॉटेलवाल्याचं आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, पण कबरीशी गेलं की दरवेळी रडू येतंच. आणि मग विचारलं, त्या बाईने घागर घातली तर पाणी सांडलं असेल ना, मग पुन्हा भरायला गेली का? मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

जाता जाता पोराने लेकीला हाक मारली, "मृणाल!" आमची मृणाळ आठ महिने हेच ऐकून घेतेय. मी म्हटलं, थांब जरा. पर्समधून पेन काढलं. पण 'ळ' त्यांच्या लिपीत कुठे आणि कसा लिहायचा ते सुचेना, म्हणून पेन परत ठेवलं आणि जीभ मागे कशी वळवायची ते फाटकाशीच उभं राहून शिकवायला घेतलं. आजी आणि नातू दोघेही 'र्ल, र्ल' करत गाडीत बसले.

कोल्हापुरी_चप्पल :
त्यांना सांगा 'टिळक' म्हणा. मग 'कावळा'. मग 'केळ्याची शिकरण'. महिनाभर लागेल.